काचेला सोडलेली जागा

आमच्या ह्यांनी बसवलेली काच फुटत नाही. नवऱ्याची फुशारकी मारायची मला सवय नाही, उलट चार लोकांत त्यांना दोन शब्द सुनावायलाच मला आवडतं. पण ही गोष्ट खरी आहे, गावात कुणालाही विचारा. शाळेच्या खिडक्या, दवाखान्याचा दरवाजा, चष्म्याच्या दुकानाची दर्शनी काच, सगळं ह्यांच्या हातचं. चौकटी खिळखिळ्या झाल्या, काच जशीच्या तशी. लोक त्यांना काचवाले म्हणतात आणि खरं नाव विसरून गेलेत.

त्यात गुपित काही नाही. काच चौकटीत आवळून बसवायची नाही. चहूबाजूंनी थोडी जागा सोडायची आणि ती मऊ पुट्टीने भरायची. लाकूड फुगतं, भिंत बसते, काचेला हलायला वाव हवा. पुट्टी हे विकतची घेत नाहीत. खडूची भुकटी आणि जवसाचं तेल घरीच मळतात, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच भांड्यात. तेल हात सैल सोडून घालतात, म्हणून ती पुट्टी वर्षानुवर्षं दगड होत नाही. त्या तेलाच्या वासावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील.

आमची एकुलती एक लेक जमिनीचा अभ्यास करते आणि त्याच कामाच्या सरकारी ऑफिसात नोकरीला आहे. ती दगडांचं शिक्षण घेणार म्हणाली तेव्हा मी म्हटलं होतं, घरात एक काचवाला आहेच, आता दगडवाली आली, बघू कोण टिकतंय. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

आमचं गाव उतारावर आहे. वरच्या गल्लीत आम्ही, मध्ये बाजाराचा रस्ता, मग खालची गल्ली, आणि तिच्यापुढे खोलगट सपाट माळ, नजर पोचेल तिथवर. गेल्या थंडीत एका दुपारी फळीवरची भांडी खणखणली. हादरे थांबल्यावर बाहेर येऊन बघतो तर खालच्या गल्लीतून एक भेग गेली होती, भिंतींतून, अंगणांतून, फरशांमधून. बोट जाईल एवढीच, पण कुठे थांबायचं नाव नाही. त्या गल्लीच्या शेवटच्या घरात माझी धाकटी बहीण राहते. तिचा नवरा गेल्यापासून ती आणि तिच्या सासूबाई, दोघीच. सासूबाईंना सगळी गल्ली आजी म्हणते. आजींचे पाय गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे. त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून आम्ही वर आणलं, तेव्हा वाटेत त्या उचलणाऱ्या चौघांच्या चुका काढत होत्या.

खालची गल्ली रिकामी झाली. लेकीचं ऑफिस आमच्याच गावात मुक्कामाला आलं, म्हणजे लेक घरी आली आणि तिच्या यंत्रांच्या पेट्या माझ्या पलंगाखाली आल्या.

"पण जमीन फाटते कशाला?" धाकटीने तिला पहिल्याच संध्याकाळी विचारलं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. लेकीने उत्तर द्यायच्या आधी दुधाचं पातेलं पुढे ओढलं. दूध निवून वर जाड साय आली होती. तिने दोन चमचे सायीवर टेकवले आणि हळूहळू एकमेकांपासून लांब नेले. साय आधी ताणली, मध्ये पातळ झाली, मग मधोमध खाली बसली. मग फाटली आणि फटीतून दूध वर आलं.

"ही साय म्हणजे आपण," ती म्हणाली. "खाली असं पातळ दूध नाहीये हं, मावशी. खालीही दगडच आहे, पण इतका तापलेला की कूस बदलत राहतो. नखं वाढतात ना, तेवढ्या चालीने. तो वरच्या जमिनीला दोन बाजूंना ओढतो. जमीन पातळ होते, मधला भाग खाली बसतो. शेवटी फाटते, आणि खालचा वितळलेला दगड फटीत येऊन थिजतो. तो काळा असतो, आणि आपल्या दगडापेक्षा जड. जड म्हणून खोल बसतो. पुन्हा फट, पुन्हा तो दगड. असं होत होत एक मोठं खोलगट भांडं तयार होतं. मग एक दिवस कुठून तरी पाणी आत शिरतं. सगळे महासागर असेच झालेत."

"म्हणजे आमच्या माळावर समुद्र येणार?" आजींनी खुर्चीतून विचारलं.

"लाखो वर्षांनी, आजी."

"मग मला इथे कशाला आणून टाकलंय? तोवर मी माझ्या पलंगावर आरामात मेले असते."

सगळे हसले. लेक नाही हसली. "समुद्र व्हायला लाखो वर्षं लागतात," ती म्हणाली. "गल्ली जायला एक दुपार पुरते. जमीन वर्षानुवर्षं नुसती ताण सोसते आणि मग आठवडाभरात हातभर फाकते. आणि कडा एकदाच तुटत नाही. आज इथे तुटली की पुढे तिच्या मागे तुटते, पायऱ्या पडत जातात."

"मागे म्हणजे किती मागे?" मी विचारलं.

"ते जमीन ठरवते, आई," ती म्हणाली आणि सायीचं पातेलं झाकून ठेवलं. त्या रात्री ते दूध कुणी प्यायलं नाही.

माळाच्या दोन बाजूंना त्यांच्या ऑफिसने यंत्रं ठेवली होती. ती यंत्रं एकमेकांपासून लांब जात होती, एवढं कळत होतं. पण त्या दोन यंत्रांच्या मध्ये अख्खं गाव आणि अख्खा माळ. नेमकं कुठे फाकतंय, आमच्या भेगेत की तिकडे दूर ओसाडीत, हे त्यातून कळेना. त्यासाठी जुनी आणि स्वस्त युक्ती असते. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी लावायची, दोन्ही टोकं दोन बाजूंना चिकटवायची. भेग केसाएवढी हलली तरी काच फुटते. काच शाबूत म्हणजे भेग झोपलेली.

आता गावात काच म्हटली की दुसरा कोण आहे? लेकीनेच साहेबांना सांगितलं, माझे बाबा लावतील. झटकन सुकणाऱ्या सिमेंटचा डबा आणि पट्ट्यांचं खोकं तिने ह्यांच्या हाती दिलं, घरं दाखवली आणि आपण माळावर यंत्रांकडे गेली. ह्यांनी चार दिवस खपून भेगेवरच्या प्रत्येक घरात पट्ट्या लावल्या. काय देखणं काम होतं. प्रत्येक पट्टी पाणसळ लावल्यासारखी सरळ, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. लेक परत आली, लांबून बघून म्हणाली, "बाबा, ऑफिसातल्या भिंतीवरसुद्धा इतकं सरळ काही नाही." हे दिवसभर खूश होते.

ऑफिसने गल्लीच्या तोंडाशी आधीच पाटी लावली होती. उन्हाळा संपेपर्यंत एकही पट्टी फुटली नाही तर लोकांनी परत यायचं. एक जरी फुटली तर गल्ली कायमची बंद.

एकही फुटली नाही.

बाकी सगळं बिनसत होतं. खालच्या गल्लीत सामान न्यायला गेलेल्या माणसांना दारं उघडेनात. सुतार रंधा घेऊन जायचा, दार तासून द्यायचा, पुढच्या आठवड्यात तेच दार पुन्हा अडकायचं. धाकटीच्या अंगणातल्या नळाचं पाणी कोमट येऊ लागलं. बादली भरून ठेवली तर पाणी एका काठाला टेकायचं, दुसऱ्या काठाला चार बोटं कमी. तिच्या मोरीतून काडी ओढल्यासारखा वास यायचा. खुद्द माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वारा येऊ लागला होता. मी ह्यांना दहादा सांगितलं, घरचे काचवाले आहात तर घरची खिडकी बघा. ते म्हणायचे, बघतो. बाहेरच्यांची कामं आधी आणि घर शेवटी, हे आमच्याकडे पहिल्यापासून आहे.

पण कुणी काही शंका काढली की दुसरा म्हणायचा, "काचा बघितल्यास का? एकीला तडा नाही." यावर बोलणंच खुंटायचं. लेक रोज पट्ट्या बघून यायची आणि तिच्या कपाळावरची आठी काही जायची नाही. "यंत्रं म्हणतात फाकतंय," ती म्हणायची. "काचा म्हणतात इथे नाही. म्हणजे माळावर कुठेतरी असेल." ती असं म्हणायची आणि जेवताना हात थांबवून भिंतीकडे बघत बसायची. मला तिची काळजी वाटायची. मला वाटायचं, पोर कामाने वाळत चालली आहे.

उन्हाळा संपला. पाटी काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक परत जाणार होते, आजींचा पलंग आधीच खाली गेला होता. मी आणि धाकटी घर झाडायला गेलो. मला ते घर आवडत नव्हतं हे मी तोंडावर सांगितलं. "अजून चार दिवस राहा माझ्याकडे."

"ताई, तुझ्याकडे अंग टाकायला जागा नाही आणि सासूबाईंची बोलणी ऐकायला तुझे कान नाहीत," ती म्हणाली. "आणि काच फुटली का? नाही ना?"

ती पलंगावर चादर घालत होती. पलंग नेमका भेगेच्या भिंतीला लागून होता, पट्टी उशाच्या वर. पट्टीवर धूळ बसली होती. मी ओलं फडकं घेतलं आणि ती पुसली, आणि पट्टी माझ्या बोटाखाली हलली. हलणारा दात जिभेला लागावा तशी. मी पुन्हा दाबली, पुन्हा हलली. मग नाक जवळ नेलं. तो वास मी झोपेतही ओळखला असता.

जवसाचं तेल.

मी धाकटीला म्हटलं, चादर राहू दे, बाहेर चल. ती का म्हणून विचारत राहिली. मी तिचा हात धरून तिला ओढत बाहेर काढलं आणि कुणाला आत जाऊ देऊ नकोस असं बजावून तडक वर आले. हे ओट्यावर बसून काच कापत होते.

"पट्ट्या कशाने लावल्यात?"

"म्हणजे?"

"सिमेंटचा डबा दिला होता तुम्हाला."

"असल्या कडक सिमेंटात कुणी काच बसवतं का?" ते म्हणाले, आणि आवाजात तक्रार होती, अपराध नव्हता. "मी एक लावून बघितली. सामान न्यायला आलेल्या पोराने दार आपटलं आणि फटकन गेली. एक फुटली तर गल्ली कायमची बंद म्हणे. दार आपटल्यापायी लोकांची घरं जायची? मग मी आपली पुट्टी वापरली. थोडी जागा सोडली. बघ की, एक तरी फुटली का?"

मी काहीच बोलले नाही. पंचवीस-तीस वर्षांत मी त्यांच्यापुढे गप्प बसल्याचं त्यांना आठवत नसावं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातली हिऱ्याची लेखणी खाली ठेवली. 

"फुटायला हव्या होत्या," ते म्हणाले.

निरोप पोचताच लेक माळावरून धावत आली. धाकटीच्या घरात ती एकटी शिरली, आम्हाला उंबऱ्याबाहेर उभं केलं. तिने पट्टी बोटाने दाबली, मग नखाने पुट्टी खरवडून पट्टी काढून घेतली. ह्यांनी भेगही पुट्टीने भरून वर रंग दिला होता, ती आता उघडी पडली. थंडीत जिथे बोट जात होतं तिथे आता तिचा तळहात उभा आत गेला. तिने हात तसाच आत ठेवला आणि म्हणाली, "गरम हवा येतेय."

एवढी फाक त्या पुट्टीने रबरासारखं ताणत जाऊन झाकून ठेवली होती. मला वाटलं होतं ती बापाला फाडून खाईल. तिने पट्टी फडक्यात गुंडाळली आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, सिमेंटचा डबा कुठे आहे? सगळ्या पुन्हा लावायच्यात. आत्ता." मग जरा थांबून, "मी हात लावून बघायला हवं होतं. नुसतं बघून गेले रोज."

हे पुन्हा घराघरांत गेले, या वेळी काच आवळून बसवत. ती एक पट्टी सोडली तर असं काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. पहिली पट्टी शेवटच्या घरात लावली होती. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत मागून बारीक आवाज येऊ लागले. टिक. मग जरा वेळाने दुसरीकडे, टिक. संध्याकाळच्या आत एकही पट्टी अख्खी नव्हती. लेकीने गल्लीत उभं राहून सगळ्यांना एकच सांगितलं, सामान सोडा, वरच्या गल्लीत जा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमाराला खालची गल्ली बसली. बसली हाच शब्द खरा. कोसळली नाही, आरडाओरडा झाला नाही. एक लांबट गुरगुर पायांतून वर आली, आणि घरांची अख्खी ओळ छपरांसकट माणसाच्या उंचीएवढी खाली गेली, लिफ्टमधून उतरावी तशी. मग धूळ उठली. धूळ बसल्यावर दिसलं की बाजाराच्या रस्त्याच्या खाली आता एक नवीन कडा आहे, आणि तिच्या पायथ्याशी धाकटीचं छप्पर.

आत कुणी नव्हतं. एक मांजरसुद्धा नव्हतं. धाकटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, मीही रडले, आणि त्या रडण्यात जीवात जीव आल्याचं सुखच जास्त होतं. लोक ह्यांच्या पाठीवर थाप मारत होते. काचवाल्यांनी वेळेत काचा बदलल्या म्हणून वाचलो, म्हणत होते. हे मान खाली घालून घरात निघून गेले.

दुपार उलटेपर्यंत आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. खालच्या गल्लीतली निम्मी माणसं बाहेरच्या खोलीत, उरलेली जिन्यावर आणि ओट्यावर. मी मोठ्या पातेल्यात दुसऱ्यांदा चहा ठेवला. आजी मधोमध खुर्चीत, आणि माझा चहा पाणचट असतो हे प्रत्येक नवीन माणसाला सांगत होत्या. लेक दोन दिवसांत पहिल्यांदा जेवायला बसली होती. मला वाटलं, हे बघून तरी ह्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. मी त्यांना शोधायला स्वयंपाकघरात गेले.

ते खिडकीपाशी उभे होते. ती काच त्यांनी आमचं लग्न झालं त्या वर्षी बसवली होती, ह्या घरातलं त्यांचं पहिलं काम. ते चौकटीवरून अंगठा फिरवत होते.

"आता सुचली का खिडकी?" मी म्हटलं.

त्यांनी अंगठा वरच्या कोपऱ्यावर नेला. मी जवळ गेले. वरच्या कोपऱ्यात पुट्टी दाबली जाऊन चौकटीबाहेर ओघळली होती. समोरच्या खालच्या कोपऱ्यात मात्र काच खाचेतून पार सुटली होती, फटीतून बाहेरचा उजेड दिसत होता. चौकट तिरपी झाली होती. काच तेवढी सरळ, मधल्यामध्ये, कुठे न टेकता उभी होती. तिला जागा सोडलेली होती ना.

खिडकीखाली भिंतीत एक बारीक रेघ आहे. रंग देताना दर वर्षी मी ती बुजवते आणि वर कॅलेंडर लावते. ह्यांनी कॅलेंडर काढलं. खिशातून उरलेली एक पट्टी काढली, डब्याच्या तळाचं सिमेंट कालवलं आणि पट्टी रेघेवर आडवी लावली. आवळून. मग सिमेंट सुकेपर्यंत आम्ही दोघं ओट्याला टेकून उभे राहिलो. बाहेरच्या खोलीत कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मला आठवलं, कडा एकदाच तुटत नाही, पुढे तिच्या मागे तुटते. मी देवाला म्हटलं, ही रेघ माझ्या आळसाची असू दे.

चहा उकळून वर आला. मी आच बंद केली, आणि म्हणूनच तो आवाज ऐकू आला. टिक.

लेक ताटावरून उठून दारात आली होती. तिने आधी पट्टी बघितली, मग बापाकडे, मग बाहेरच्या खोलीतल्या त्या सगळ्या माणसांकडे, जी तिनेच इथे पाठवली होती. तिचा उष्टा हात तसाच हवेत होता.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "सगळ्यांना उठव. घाई दिसू देऊ नकोस. आजींची खुर्ची आधी."

मी बाहेर गेले. चौघांना डोळ्यांनी खुणावलं, त्यांनी खुर्चीला हात घातला. आजींच्या हातातला चहा हिंदकळला.

"आता आणखी कुठे?" त्यांनी विचारलं. या वेळी त्या कुणाची चूक काढत नव्हत्या. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मागे वळून बघितलं तर हे स्वयंपाकघरातून येत होते. त्यांनी खिडकीची काच चौकटीतून काढून दोन्ही हातांत धरली होती. एवढ्या वर्षांची काच, एक ओरखडा नव्हता तिच्यावर.

"ही कुठे ठेवू गं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्या घरात इतकी वर्षं काढली, प्रत्येक वस्तूची जागा मला पाठ आहे. मला एकही जागा सांगता आली नाही.